'नाच गं घुमा' : दोघींच्या विनोदाची एकतर्फी मांडणी

१

परेश मोकाशी दिग्दर्शित 'नाच गं घुमा' हा मराठी चित्रपट १ मे २०२४ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी आणि कामगार दिनीही, प्रदर्शित झाला. ही तारीख त्याच्या विषयाला साजेशी होती. नोकरी करणारी राणी (मुक्ता बर्वे) आणि तिच्या घरी कामाला येणारी आशा (नम्रता संभेराव) या दोघींच्या नात्यावर हा चित्रपट उभा आहे. आशाला कामावर यायला नेहमी उशीर होतो. त्या उशिराने राणीची सकाळ विस्कटते. एक दिवस संतापाच्या भरात राणी तिला कामावरून काढून टाकते. आणि मग आशाविना घर चालत नाही हे तिच्या ध्यानात येते. कथानक इतकेच आहे आणि विनोदी चित्रपटाला इतके कथानक पुरेसे असते. मोठा नायक नाही, भव्य नेपथ्य नाही, परदेशातील चित्रीकरण नाही. एका घरात रोज घडणारा प्रसंग आणि दोन समर्थ अभिनेत्री एवढ्या भांडवलावर चित्रपट उभा करण्याचे धाडस येथे केलेले आहे.

या धाडसाचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. तथापि, या चित्रपटाने निर्माण केलेली अपेक्षा आणि त्याने प्रत्यक्षात दिलेला अनुभव यांत बरेच अंतर राहते. हे अंतर केवळ एका चित्रपटाच्या गुणदोषांपुरते मर्यादित असते, तर साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची विशेष दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु या चित्रपटाचे नाव लोकसाहित्यातून आलेले आहे, त्याचा बाज मराठी विनोदपरंपरेशी नाते सांगणारा आहे आणि त्याचा विषय स्त्रियांच्या श्रमाचा आहे. या तिन्ही अंगांनी तो मराठीच्या अभ्यासक्षेत्रात येतो. त्याच्या अपुरेपणाची कारणेही याच तीन अंगांत सापडतात.

प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा असा की, 'नाच गं घुमा'मध्ये दोघीही हसवतात. परंतु कशाला हसावयाचे आणि हसणे कोठे थांबवावयाचे हे ठरवणारी दृष्टी एकीच्याच घरातील आहे. जोडीचा विनोद हा दुतर्फी व्यवहार असतो. तो एकतर्फी झाला की जोडी उरते, पण तिच्यातील विनोद उणावतो.

२

जोडगोळीचा विनोद मराठीला नवा नाही. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊ या जोडीने मराठी मध्यमवर्गाला स्वतःकडे पाहून हसण्याची सवय लावली. चिमणराव भिडस्त, भित्रा आणि संसारी. गुंड्याभाऊ दणकट, धाडसी आणि भाबडा. निवेदन चिमणरावाचे असले तरी त्यातील हसण्याचा रोख केवळ गुंड्याभाऊवर नसतो. गुंड्याभाऊचे वेडे साहस चिमणरावाच्या शहाणपणाला उघडे पाडते आणि चिमणरावाचा भित्रेपणा गुंड्याभाऊच्या धाडसाला. प्रत्येक जण दुसऱ्याचा आरसा असतो. हीच जोडी १९४० मध्ये मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून' या चित्रपटात आली. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ती घराघरांत पोहोचवली. माध्यमे बदलली तरी ही जोडी टिकली, याचे कारण तिची मांडणी समतोल होती.

चित्रपटात ही परंपरा पुढे मित्रांच्या टोळक्याची झाली. १९८८ मधील 'अशी ही बनवाबनवी' हे तिचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण. घर भाड्याने मिळावे म्हणून चार मित्रांपैकी दोघे स्त्रीवेष घेतात. या चित्रपटाविषयी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. दोन स्त्रियांमधील सलगी, कुजबुज, एकमेकींना सांभाळून घेणे आणि मधूनच एकमेकींना टोमणा मारणे यांचे जे प्रसंग मराठी प्रेक्षकाच्या स्मरणात पक्के बसले आहेत, त्यांतील पुष्कळसे लुगडे नेसलेल्या पुरुषांनी रंगवलेले आहेत. पुढे २००४ मध्ये 'अगं बाई अरेच्चा!' या चित्रपटात स्त्रियांच्या मनातील बोल हा विनोदाचा विषय झाला खरा, पण ते ऐकू येत होते एका पुरुषाला. तात्पर्य, स्त्रियांमधील हास्य मराठी पडद्यावर दीर्घकाळ पुरुषाच्या देहातून किंवा पुरुषाच्या कानातून येत राहिले.

या पार्श्वभूमीवर २०२१ नंतरचे तीन चित्रपट एकत्र पाहण्याजोगे आहेत. हेमंत ढोमे दिग्दर्शित 'झिम्मा' (२०२१) मध्ये निरनिराळ्या वयांच्या आणि थरांतील स्त्रिया इंग्लंडच्या सहलीला निघतात. केदार शिंदे दिग्दर्शित 'बाईपण भारी देवा' (२०२३) मध्ये सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येतात. आणि तिसरा 'नाच गं घुमा'. या तिन्ही चित्रपटांनी आपले नाव किंवा आपला विषय मंगळागौरीच्या खेळांतून घेतला आहे, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. आधुनिक शहरी स्त्रीच्या हसण्याला आधार शोधताना मराठी चित्रपट आपसूक त्या रात्रीच्या जागरणाकडे वळतो. स्त्रियांनी स्त्रियांसमोर मोकळेपणाने खेळण्याची, थट्टेची आणि उखाळ्यापाखाळ्यांची मुभा असलेली तेवढीच एक जागा परंपरेने मान्य केलेली होती, हे चित्रपटकर्त्यांना जाणवलेले असावे.

मात्र पहिले दोन चित्रपट समूहाचे आहेत. समूहात प्रत्येकीच्या वाट्याला एक दुःख, एक गुपित आणि एक मोकळे होण्याचा क्षण येतो. विनोद तेथे या दुःखांना जोडणाऱ्या दोऱ्यासारखा वापरला जातो. 'नाच गं घुमा' मात्र दोघींचा आहे, आणि त्या दोघी बहिणी नाहीत, मैत्रिणी नाहीत, एका आर्थिक थरातीलही नाहीत. एक वेतन देणारी आहे, दुसरी घेणारी. जोडीच्या विनोदाला याहून नाट्यपूर्ण पाया मिळणे कठीण. म्हणूनच अपेक्षा मोठी होती.

३

चित्रपटाने ज्या गाण्याचे नाव घेतले आहे, त्याची रचना येथे लक्षात घ्यावयास हवी. घुमेला नाचण्याचा आग्रह होतो आणि ती नाचायला नकार देते. तिचा नकार सरळ नसतो. अमुक एक दागिना नाही, तो घडवणारा या गावातून त्या गावातून आलेला नाही, मग नाचावे कसे, असा तिचा सवाल असतो. एक उणीव पुढे येते, मग दुसरी, मग तिसरी. गाणे वाढते ते या मागण्यांच्या साखळीने. म्हणजे बाह्यतः ते नाचाचे गाणे असले, तरी आतून ते वाटाघाटीचे गाणे आहे. आग्रह करणारीला घुमेचा नाच हवा आहे. घुमेला त्या आग्रहाची किंमत ठाऊक आहे. नाचणे हे तिच्या हातातील हुकमाचे पान आहे आणि ते ती लगेच टाकत नाही. खेळाची सारी गंमत या लांबणीवर टाकण्यात साठलेली असते.

मंगळागौरीच्या इतर खेळांतही ही दुतर्फी रीत दिसते. फुगडीत दोघींनी एकमेकींचा तोल धरावा लागतो. एकीने हात सैल सोडला की दोघीही पडतात. सासू-सुनेच्या भांडणाचा खेळ समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन बाजूंचा असतो. आज सासूच्या बाजूने भांडणारी उद्या सुनेच्या बाजूने भांडते आणि प्रत्यक्षातील सासू त्या वेळी शेजारी बसून हसत असते. भूमिकांची ही अदलाबदल खेळाचा प्राण आहे. जात्यावरच्या ओव्यांकडे वळले तरी हेच आढळते. एका जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात लागलेले असतात आणि एकीच्या ओवीला दुसरीची ओवी मिळते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून ज्या लाखभर ओव्यांचा संग्रह उभा केला, त्यात माया आणि दुःख आहे, तसाच नणंद-भावजय, सासू-सून, शेजारीण-पाजारीण यांचा तिखट उपहासही आहे. लोकसाहित्यातून उमटणाऱ्या स्त्रीच्या आत्मस्वराकडे तारा भवाळकर यांनी मराठी अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे. त्या स्वरात हास्याचा वाटा किती मोठा आहे, हा मुद्दा मात्र अजून पुरेसा चर्चिला गेलेला नाही.

या खेळांचा मध्यमवर्गीय, उच्चवर्णीय घरांशी असलेला संबंध नाकारण्याचे कारण नाही. ज्या माजघरात मंगळागौर जागवली जात होती, त्याच घराच्या मागील दारी भांडी घासणारी दुसरी कोणी होती. चित्रपटाने हे नाव घेऊन कामवालीला 'घुमा' केले, ही कल्पना म्हणूनच खरोखर चांगली आहे. माजघरातील गाणे मागील दाराला लागू करण्याची ती शक्यता होती. घुमेने आपल्या उणिवांची यादी वाचावी, या गावचा आणि त्या गावचा हिशेब मांडावा आणि प्रेक्षकाने हसता हसता त्या यादीतील प्रत्येक वस्तू मोजावी, असा विनोद येथे साधता आला असता.

४

प्रत्यक्षात काय घडते? चित्रपटाचा आरंभच वाट पाहण्यापासून होतो. घड्याळ पुढे सरकते आहे, घरातील कामे खोळंबली आहेत आणि आशा आलेली नाही. उशीर ही मोठी विनोदक्षम गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु उशीर हा नेहमी वाट पाहणाऱ्याच्या घड्याळाने मोजला जातो. येणाऱ्याच्या घड्याळात तो उशीर नसतो; तेथे पाण्याची वेळ, मुलांची शाळा, चुकलेली बस आणि आधीच्या घरी वाढलेले काम असते. जोडीच्या विनोदात ही दोन घड्याळे एकमेकांशी भांडतील अशी अपेक्षा असते. येथे एकच घड्याळ भिंतीवर आहे. आशाच्या बाजूची ओढाताण चित्रपट दाखवीत नाही असे नाही. परंतु ती दाखवण्याचा सूर बदलतो. राणीची धांदल विनोदी आहे. आशाची धांदल करुण होते. एकीच्या अडचणीला हसावयाचे, दुसरीच्या अडचणीने हळवे व्हावयाचे, अशी विभागणी होते. सहानुभूतीच्या दृष्टीने ती उदार वाटली तरी विनोदाच्या दृष्टीने ती अन्यायाची आहे. ज्याच्या दुःखाकडे केवळ कणवेने पाहिले जाते, त्याला बरोबरीचा खेळाडू मानले जात नाही.

याचा परिणाम नम्रता संभेराव यांच्या भूमिकेवर स्पष्ट दिसतो. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमातून पुढे आलेल्या या अभिनेत्रीची ताकद केवळ बोलीत किंवा हालचालीत नाही. समोरच्या पात्राच्या आत्मविश्वासाला क्षणात सुरुंग लावण्याची हातोटी हा तिचा खरा गुण आहे. चित्रपटात ती बोलते भरपूर, धावते भरपूर आणि आपल्या वेगाने प्रसंग पेलूनही नेते. पण घराला आतून पाहणारी व्यक्ती म्हणून तिला जे दिसत असणार, ते तिच्या तोंडून फारसे येत नाही. कामाला येणाऱ्या स्त्रीइतके त्या घराचे ज्ञान दुसऱ्या कोणाला असते? फ्रिजमध्ये काय सडते, कपाटाच्या मागे काय दडते, पाहुण्यांसमोर कोणता चेहरा असतो आणि ते गेल्यावर कोणता, हे सारे तिला ठाऊक असते. हे ज्ञान म्हणजे विनोदाची खाण आहे. चित्रपटाने ही खाण वरवर खरवडली.

मुक्ता बर्वे यांच्या बाबतीत निराशेचे स्वरूप वेगळे आहे. प्रशांत दळवी यांचे १९९१ मधील 'चारचौघी' हे नाटक २०२२ मध्ये पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हा त्यात त्यांची महत्त्वाची भूमिका होती. स्त्रीच्या निर्णयस्वातंत्र्याचा प्रश्न त्या नाटकाने कोणाला सुटका न देता विचारला. राणीच्या भूमिकेत या अभिनेत्रीने चिडचिड, अपराधभाव आणि थकवा यांच्या छटा सफाईने दाखवल्या आहेत. परंतु राणीने कधी स्वतःच्या अधिकाराकडे पाहून हसावे, अशी वेळ पटकथेने तिच्यावर पुरेशी आणलेली नाही. 'उद्यापासून येऊ नको' असे म्हणण्याची सोय आपल्याला आहे आणि समोरचीला नाही, ही जाणीव राणीच्या पश्चात्तापात भावनेच्या रूपाने येते; विसंगतीच्या रूपाने येत नाही. आणि विसंगती हेच तर विनोदाचे मूळ आहे.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. राणीच्या घरात पती आहे आणि तो दुष्ट नाही. मराठी मध्यमवर्गीय चित्रपटातील आजचा पती सहसा समंजस असतो. परंतु आशा न येण्याने कोलमडते ती राणीची व्यवस्था, पतीची नव्हे. घरकाम हे मुळात राणीचे मानले गेले आहे आणि राणीने ते आशाकडे सोपवले आहे, हे गृहीतक चित्रपटात अखेरपर्यंत फारसे हलत नाही. अशा रीतीने जे काम दोघींपैकी कोणा एकीचेच असण्याचे कारण नाही, त्या कामावरून दोघी भांडतात आणि ज्याने भांडणात उतरावयास हवे होते तो प्रेक्षक होऊन राहतो. या परिस्थितीत केवढा मोठा विनोद दडलेला होता! दोघींनी मिळून त्या तिसऱ्याकडे वळून पाहिले असते, तर त्यांची जोडी खऱ्या अर्थाने जुळली असती. जोडी जुळते ती समान लक्ष्य सापडल्यावर. केवळ एकमेकींना मिठी मारल्याने ती जुळत नाही.

५

कामवालीचे चित्रण मराठी चित्रपटात नवे नाही. १९६३ मधील 'मोलकरीण' या चित्रपटात सुलोचनाबाईंनी रंगवलेली आई आपल्याच मुलाच्या घरी ओळख लपवून कामाला राहते. त्या चित्रपटाने मराठी प्रेक्षकाला रडवले. पण ते अश्रू मोलकरणीसाठी नव्हते, आईसाठी होते. ती मुळात मोलकरीण नाहीच, हेच तर त्या कथेचे मर्म. तिचा मोठेपणा तिच्या मातृत्वातून येतो, तिच्या कामातून येत नाही. सहा दशकांनंतरच्या चित्रपटात मोलकरीण ही मोलकरीण म्हणूनच पडद्यावर येते, तिला नाव आहे, तिला राग आहे, तिच्याशिवाय अडते, हा बदल लहान नव्हे. परंतु समेटाची भाषा अजूनही नात्याचीच आहे. माया पुन्हा जुळली की प्रश्न मिटला, असे चित्रपट सुचवतो.

मराठी घरांतील संबोधनांकडे पाहिले की ही भाषा किती खोल रुजलेली आहे ते कळते. कामाला येणारी स्त्री मालकिणीला 'ताई' किंवा 'वहिनी' म्हणते. मालकीण तिला 'मावशी', 'ताई' किंवा नुसतेच 'बाई' म्हणते. नात्याचे शब्द दोन्ही बाजूंनी आहेत. परंतु सर्वनामे समान असतातच असे नाही. पुष्कळ घरांत एक बाजू 'तुम्ही' म्हणते आणि दुसरी 'तू'. नात्याच्या शब्दाने जी जवळीक दिली, ती सर्वनामाने हलकेच काढून घेतली. 'तू तर घरातलीच' या वाक्यात माया असते, आणि घरातल्या माणसाने रजेचा, वेतनवाढीचा विषय काढावयाचा नसतो हेही त्याच वाक्यात असते. भाषेच्या अभ्यासकाला आणि विनोदकारालाही येथे केवढे तरी साहित्य उपलब्ध आहे.

वास्तवातील घुमेने मागण्यांची यादी केव्हाच वाचलेली आहे, हेही विसरता येत नाही. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि हक्काची रजा हे तिच्या मागण्यांचे विषय होते. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला आणि या कामाला कामगाराच्या नोंदणीचे रूप देण्याची तरतूद झाली. अंमलबजावणीविषयी पुष्कळ बोलता येईल. येथे मुद्दा एवढाच की, 'मोलकरीण' पासून 'घरेलू कामगार' पर्यंतचा शब्दाचा प्रवास समाजाने केलेला आहे. १ मे या दिवशी आलेल्या चित्रपटाने या प्रवासाला विनोदाच्या वाटेने जाऊन भिडावे, ही अपेक्षा बाहेरून लादलेली म्हणता येणार नाही. त्याच्या नावातच ती होती.

६

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप असा की, विनोदी चित्रपटाकडून समाजशास्त्राच्या प्रबंधाची अपेक्षा करणे गैर आहे. हा आक्षेप योग्य आहे, पण तो येथे लागू होत नाही. येथे अपेक्षा प्रबोधनाची नसून अधिक विनोदाची आहे. चित्रपट उत्तरार्धात गंभीर होतो, तेथेच खरे तर तो प्रबोधनाकडे झुकतो आणि हसणे मागे पडते. शेवटपर्यंत हसवत राहण्याची हिंमत त्याने दाखवली असती, तर उपदेशाची गरजच पडली नसती. याच लेखकद्वयीने, म्हणजे मोकाशी आणि मधुगंधा कुलकर्णी यांनी, 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) मध्ये दारिद्र्याचा प्रश्न पंढरपुरातील मुलांच्या खटपटींतून खेळकरपणे मांडला होता. मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या पहिल्या चित्रपटात फाळके दांपत्याची आर्थिक ओढाताण कोठेही रडगाणे होत नाही. सरस्वतीबाईंचे श्रमही त्यात हसतमुखाने, पण पूर्ण वजनाने येतात. ज्यांना हे साधते, त्यांच्याकडून कमी घेण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप प्रेक्षकाचा. चित्रपटगृहात तिकीट काढून येणारी स्त्री बहुधा राणी असते, आशा नसते. तेव्हा चित्रपट राणीच्या बाजूने बोलणारच. हे अर्थकारण खरे आहे. पण चिमणरावाचे वाचक तरी कोण होते? ते चिमणरावच होते, आणि चिं. विं.नी त्यांना त्यांच्यावरच हसवले. याहून जुनी परंपरा तमाशाची आहे. गवळणीतील मावशी साक्षात कृष्णाची फिरकी घेते. वगातील सोंगाड्या राजाला राजा म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात त्याची पत धुळीला मिळवतो. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) मध्ये दादा कोंडके यांनी रंगवलेल्या हवालदाराला समोर बसलेल्या पांढरपेशा प्रेक्षकानेच डोक्यावर घेतले होते. खालच्या पायरीवरील माणसाने वरच्या पायरीवरील माणसाला हसावे, हे मराठी प्रेक्षकाला परके नाही. त्याला त्याची गोडी आहे. ही मुभा सोंगाड्याला होती, मावशीचे सोंग घेतलेल्या पुरुषाला होती. पडद्यावरील कामवालीला ती मिळू नये, हे आश्चर्य आहे.

तिसरा आक्षेप साधनांच्या मर्यादेचा. कमी खर्चात, नायकाच्या आधाराविना दोन स्त्रियांचा चित्रपट काढणाऱ्यांना परीक्षकी थाटाने तोलू नये, असे कोणी म्हणेल. परंतु येथे उणीव आहे ती पैशाची नाही. दुसऱ्या घड्याळाला पैसे पडत नाहीत. आशाच्या तोंडी एक बोचरे निरीक्षण घालण्यास वाढीव खर्च येत नाही. उलट तुटपुंज्या साधनांत संवाद हेच मुख्य भांडवल असते आणि मराठी लेखनपरंपरेत ते विपुल आहे. उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) मध्ये डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला चालत जाणाऱ्या बायांची वर्णने आहेत. त्या वाटेवरची थट्टामस्करी त्यांच्या कष्टांच्या शेजारीच नांदते. कष्टकरी स्त्रीचे हसणे करुणेची भीक मागत नाही, हे त्या लेखनात दिसते. कामवालीची व्यक्तिरेखा लिहिणाऱ्याने दलित आणि ग्रामीण स्त्रियांची आत्मकथने वाचणे म्हणूनच अगत्याचे आहे.

७

'नाच गं घुमा'चे महत्त्व या सर्व मर्यादांसह मान्य करावे लागेल. दोन स्त्रिया, त्यांच्यातील वर्गभेद आणि त्यांचे रोजचे भांडण यांवर पूर्ण लांबीचा विनोदी चित्रपट उभा राहू शकतो आणि त्याला प्रेक्षक येतो, हे त्याने सिद्ध केले. घरकामासारखा अदृश्य विषय त्याने दिवाणखान्यात आणून ठेवला. यापुढे असा चित्रपट काढू पाहणाऱ्याला विषय चालेल की नाही ही शंका घ्यावी लागणार नाही. परंतु पहिलेपणाचे श्रेय देताना अपुरेपणावर पांघरूण घालणे हे समीक्षेचे काम नव्हे. स्त्रियांचा चित्रपट आहे म्हणून त्याला सांभाळून घ्यावे, ही वृत्ती वरवर सौजन्याची असली, तरी तिच्यात त्या चित्रपटाला कमी लेखण्याचाच भाग असतो.

या निमित्ताने विद्यापीठीय अभ्यासापुढेही एक प्रश्न येतो. मराठी विनोदाचा इतिहास कोल्हटकर-गडकरी-चिं. वि.-अत्रे-पु. ल. या क्रमाने शिकवला जातो. त्यात माजघरातील, जात्यावरील, पाणवठ्यावरील आणि बाजाराच्या वाटेवरील हास्याला जागा नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत ते आले तरी विनोद म्हणून येत नाही, विधी किंवा व्यथा म्हणून येते. स्त्रियांच्या हसण्याला स्वतंत्र परंपरा आहे, तिची स्वतःची रचनातत्त्वे आहेत आणि त्यांत दुतर्फीपणा हे प्रमुख आहे, असे मांडणारे काम झाले, तर पदव्युत्तर विद्यार्थ्याला नवा विषय मिळेलच. शिवाय पटकथाकारालाही नावापलीकडचे काही हाती लागेल. सध्या मराठी चित्रपट या परंपरेतून शीर्षके उचलतो आणि तिची रीत मागे ठेवतो.

गाण्यातील घुमा सहजासहजी नाचत नाही, म्हणून ते गाणे रंगते. चित्रपटातील घुमा मायेच्या एका हाकेवर नाचू लागते. तिने थोडी अधिक खळखळ करावयास हवी होती, या गावच्या आणि त्या गावच्या साऱ्या उणिवा मोजून दाखवावयास हव्या होत्या, आणि नाच म्हणणारीलाही एकदा रिंगणात ओढावयास हवे होते. मराठी प्रेक्षक त्यावर मोकळेपणाने हसला असता. तेवढी त्याची तयारी चिं. विं.नी, वगनाट्याने आणि खुद्द मंगळागौरीने केव्हाच करून ठेवलेली आहे.